दुसरा बँड, तिसरा बँड

1870 साली खामगावला रेल्वे आली तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः तिथे हजर होता. जलंबपासून खामगावपर्यंतचा तो छोटासा फाटा कापसासाठी टाकलेला होता. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात जहाजावर चढे आणि लिव्हरपूलला उतरे. इथल्या बाजारात त्याची प्रत लावली जाई: धागा किती लांब, रंग कसा, कचरा किती. प्रतीप्रमाणे भाव. मी खामगावची आहे आणि आता लिव्हरपूलमध्ये नर्स आहे. कापसाचा मोठा एक्स्चेंज 1906 मध्ये ज्या ओल्ड हॉल स्ट्रीटवर उभा राहिला, तिथून माझं अनेकदा जाणं होतं. प्रत लावणं या शहरात अजूनही चालतं. आता ती माणसाच्या कामाला लावतात आणि तिला बँड म्हणतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून इकडे नर्सिंग शिकायला येऊ बघणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना हा बँड नीट कळावा, म्हणून हा लेख.

बारावीचे निकाल लागले की मला फोन येऊ लागतात. चिखली, मेहकर, मलकापूर, शेगाव. ओळखीतल्या ओळखीतून नंबर मिळवलेला असतो. प्रश्न बहुतेक एकच: "ताई, पोरगी शिकता शिकता तिकडे कमावते म्हणतात, खरं का?" खरं आहे. पण कशी कमावते, कोणत्या कामाचे तिला पैसे मिळतात आणि कोणतं काम तिच्याकडून कमी पैशात करून घेतलं जातं, हे फोनवर पाच मिनिटांत सांगता येत नाही.

इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, डॉक्टर, दंतवैद्य आणि अगदी वरचे अधिकारी सोडले तर बाकी सगळ्यांचा पगार एका कोष्टकावर चालतो. 2004 साली ते देशभर लागू झालं. नव्याने नोंदणी झालेली नर्स बँड फाइव्हला लागते. तिच्याखाली हेल्थकेअर असिस्टंट, ज्यांना सगळे एचसीए म्हणतात, ते बँड टू किंवा बँड थ्रीला. एप्रिल 2025 च्या इंग्लंडच्या दरांत बँड टूचे तासाला 12.51 पौंड होत. बँड थ्री 12.75 पासून सुरू होई आणि दोन वर्षांनी 13.60 वर जाई. त्याच एप्रिलपासून कायद्याने ठरवलेलं मोठ्या माणसाचं किमान वेतन 12.21 पौंड होतं. म्हणजे म्हाताऱ्या, आजारी, वेदनेने कण्हणाऱ्या माणसाला बारा तास सांभाळणाऱ्या बाईला कायद्याच्या किमान रेषेपेक्षा तीस पेन्स जास्त. हा आकडा मला दरवेळी टोचतो आणि टोचत राहावा असंच मला वाटतं.

नर्सिंगची विद्यार्थिनी या कोष्टकात कुठेच नाही. तिला नोंदणी मिळवायची तर तीन वर्षांत 2,300 तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत काढावे लागतात. हे प्लेसमेंटचे तास बिनपगारी. नियमाप्रमाणे ती वॉर्डच्या मनुष्यबळात धरलेली नसते, शिकायला आलेली असते. इंग्लंडमध्ये पूर्वी विद्यार्थिनींना सरकारकडून विद्यावेतन मिळे. 2017 पासून नव्या विद्यार्थिनींचं ते बंद झालं. ओरड झाली, प्रवेश घटले, तेव्हा 2020 च्या सप्टेंबरपासून वर्षाला 5,000 पौंडांचं अनुदान सुरू केलं. ते इथल्या मुलींसाठी आहे. स्टुडंट व्हिसावर आलेल्या आपल्या मुलीला ते मिळत नाही आणि तिची फी इथल्या मुलीपेक्षा कितीतरी जास्त असते.

मग ती बँकेच्या शिफ्टा घेते. बँक म्हणजे रुग्णालयाची स्वतःची राखीव माणसांची यादी. वॉर्डवर कुणी आजारी पडलं, कुणी रजेवर गेलं, की यादीतल्यांच्या फोनवर शिफ्ट येते. ज्याला जमेल त्याने घ्यायची. नर्सिंगच्या विद्यार्थिनी या यादीत एचसीए म्हणून नाव घालतात. रुग्णालयाला त्या हव्याच असतात, कारण त्यांना उचलायला, अंग पुसायला, नोंदी ठेवायला नव्याने शिकवावं लागत नाही. हे तास 2,300 मध्ये धरले जात नाहीत. गणवेश बदलतो, नावाची पट्टी बदलते, पण वॉर्ड अनेकदा तोच असतो जिथे ती गेल्या महिन्यात विद्यार्थिनी होती.

आणि इथेच गोची होते. 2021 च्या ऑगस्टमध्ये बँड टू आणि बँड थ्रीच्या कामाची राष्ट्रीय वर्णनं स्पष्ट करून पुन्हा लिहिली गेली. थोडक्यात सांगायचं तर आंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं, संडास-लघवीला नेणं, अंथरूण करणं आणि त्याच्या नोंदी, हे बँड टूचं काम. रक्तदाब, नाडी, तापमान घेऊन तक्ता भरणं, बोटाला टोचून साखर तपासणं, ईसीजी काढणं, रक्त घेणं, साधी मलमपट्टी, अशी कामं नेहमीच्या कामाचा भाग असतील तर ते बँड थ्री. कागदावर रेघ स्वच्छ आहे. वॉर्डवर रात्री दोन वाजता ती रेघ कुणाला दिसत नाही.

नांदुऱ्याकडची एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. दुसऱ्या वर्षाला. एका रुग्णालयात बँकेवर बँड टू म्हणून नाव घातलेलं. रात्रपाळीला गेली की सहा खाटांच्या पूर्ण कप्प्याची ऑब्ज, म्हणजे रक्तदाब-नाडी-तापमानाच्या नोंदी, तिच्याकडे, मधुमेहींच्या साखरा तिच्याकडे, कुणाच्या छातीत दुखलं की ईसीजीचं यंत्र ओढत तीच नेणार. तिला ते येतं, कारण प्लेसमेंटवर शिकलेली आहे. पगाराच्या कागदावर मात्र बँड टू. ती मला म्हणाली, "ताई, काम येते म्हणून करून घेतात, अन् पैसे देताना म्हणतात तू तर स्टुडंट. मंग मले कोन्ता बँड हाय?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर सरकारने एकदा दिलेलं आहे. 2020 च्या वसंतात कोविडने वॉर्ड भरले तेव्हा इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थिनींना पगारी कामावर बोलावलं गेलं. दुसऱ्या वर्षातल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीतल्या मुलींना बँड थ्री, शेवटच्या सहा महिन्यांत असलेल्यांना बँड फोर. त्या वेळी कुणी म्हणालं नाही की या तर विद्यार्थिनी, यांना काय येतं. साथीत दुसऱ्या वर्षाच्या मुलीचं मोल बँड थ्री होतं, तर साथ ओसरल्यावर तिचे हात काही कमी शिकलेले नाहीत. काही ट्रस्ट, म्हणजे रुग्णालयं चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्था, आजही दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या मुलींना बँकेवर बँड थ्री देतात, काही तिन्ही वर्षं बँड टूवरच ठेवतात. एकाच शिक्षणाच्या, एकाच कामाच्या दोन मुलींना दोन रुग्णालयांत दोन भाव मिळतात. हे चुकीचं आहे, आणि ते बदलायला नवा कायदा लागत नाही. ट्रस्टने ठरवलं की पुरे.

ठरवायला मात्र भाग पाडावं लागतं. माझ्या खिडकीपासून फार लांब नाही, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर विरल आहे. तिथल्या ॲरो पार्क आणि क्लॅटरब्रिज रुग्णालयांतल्या एचसीएंनी 2023 मध्ये युनिसन संघटनेच्या झेंड्याखाली दीर्घ संप केला. मागणी हीच: आम्ही वर्षानुवर्षं बँड थ्रीचं काम करतो आहोत, बँड थ्री द्या आणि मागचा फरक द्या. बहुतेक बायका. पुष्कळ जणी पन्नाशीच्या पुढच्या, गुडघे गेलेल्या. पावसात फलक धरून उभ्या. पुढच्या वर्षी तोडगा निघाला, फरकही मिळाला. इंग्लंडभर अनेक ट्रस्टांत असेच लढे झाले. पण ज्या कायम नोकरीत होत्या त्यांचे वाद टेबलावर आले. बँकेवरची विद्यार्थिनी आज या वॉर्डवर, उद्या त्या वॉर्डवर. तिच्या बाजूने बसायला टेबलाशी सहसा कुणी नसतं. म्हणून मी भेटेल त्या मुलीला सांगते की पहिल्या महिन्यात संघटनेची सभासद हो. विद्यार्थिनींना वर्गणी अगदी थोडी असते.

आता एक हिशेब, जो मला इथे येऊन बऱ्याच उशिरा कुणीतरी मांडून दाखवला आणि जो आपल्या मुलींनी नीट पाहिला पाहिजे. रात्री, शनिवारी, रविवारी काम केलं की मूळ दरावर टक्केवारीने वाढीव पैसे मिळतात. ही टक्केवारी खालच्या बँडला जास्त आहे. रात्री आणि शनिवारी बँड टूला 41 टक्के, बँड थ्रीला 35. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला बँड टूला 83 टक्के, बँड थ्रीला 69. वरच्या 2025 च्या दरांनी गुणाकार करा. रात्रीचा तास बँड टूला 17.64 पौंड पडतो आणि बँड थ्रीच्या पहिल्या पायरीवर 17.21. रविवारचा तास 22.89 विरुद्ध 21.55. लांब शिफ्टमध्ये तासाभराची बिनपगारी विश्रांती वजा जाता साडेअकरा तास भरतात असं धरलं, तर दिवसाच्या शिफ्टला बँड थ्रीची मुलगी पावणेतीन पौंड जास्त कमावते, आणि रात्रीच्या शिफ्टला बँड टूवाली तिच्यापेक्षा जवळजवळ पाच पौंड जास्त. रविवारी तर हा फरक पंधरा पौंडांच्या वर जातो. जबाबदारी वाढली, हातात सुई आली, आणि पैसे घटले. बँकेचे दर ट्रस्ट स्वतः ठरवू शकतो, त्यामुळे सगळीकडे हेच आकडे नसतात, पण अनेक ठिकाणचे दर याच कोष्टकावर बेतलेले असतात.

मग बँड थ्री मागायचाच कशाला, असं घरून कुणी विचारेल. माझं मत असं. कोष्टकातली ही उलटी पायरी सरकारने आणि संघटनांनी मिळून दुरुस्त करायची आहे, त्याची शिक्षा शिकणाऱ्या मुलीने भोगू नये. आणि बँड हा फक्त पैशाचा आकडा नाही. कोणतं काम तुझं आणि कोणतं नाही, त्याचं प्रशिक्षण कुणी द्यायचं, चूक झाली तर कुणाला विचारायचं, हे त्यावरून ठरतं. बँड टूच्या मुलीने घेतलेल्या रक्तदाबात घोळ झाला तर पहिला प्रश्न येईल, "तुला हे करायला कुणी सांगितलं?" तोंडी सांगणारी सिस्टर तेव्हा दुसऱ्या वॉर्डवर गेलेली असते. विद्यार्थिनीला पुढे नोंदणी मिळवायची आहे, तिच्या चारित्र्याची शिफारस विद्यापीठ करणार आहे. तिला हा धोका नको. बँड टूचे पैसे घेत असशील तर बँड टूचंच काम कर, सुई हातात घेऊ नकोस, आणि नम्रपणे, पण नावानिशी, तसं सांग. सुई हातात द्यायची असेल तर त्यांनी आधी कागद बदलावा.

एक गोष्ट मात्र मला या रेघेबद्दल पटत नाही आणि ती इथे सांगितलीच पाहिजे. बोटाला सुई टोचणं वरचं काम आणि भरवणं खालचं, हे कुणी ठरवलं? स्मृतिभ्रंश झालेल्या, घास गिळायचं विसरलेल्या, चमचा दिसला की हात झटकणाऱ्या बाईला ठसका न लागू देता अर्धी वाटी दलिया खाऊ घालायला जे कसब लागतं ते यंत्राचं बटण दाबण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. म्हाताऱ्या पुरुषाला त्याची लाज राखून आंघोळ घालणं, खाटेला खिळलेल्याची कूस बदलताना त्याच्या पाठीवर कुठे लाली आलीय हे नजरेने टिपणं, ही रुग्णसेवेची मुळं आहेत. लिव्हरपूलच्या म्हाताऱ्या बायका हात धरून 'क्वीन' म्हणतात. तो मान त्या ईसीजी काढणारीला देत नाहीत, केस विंचरून देणारीला देतात.

आणि या कामाची लाज आपल्याकडे जास्त आहे. मुली घरी सांगत नाहीत. "नर्सिंग करते" सांगतात, "लोकांची ढुंगणं पुसते" सांगत नाहीत. नांदुऱ्याची ती मुलगी म्हणाली, "बाबाले सांगतलं तर ते म्हणतीन, हेच करायचं होतं तर इथंच काय वाईट होतं." खामगावच्या सामान्य रुग्णालयात आपण ज्यांना मावशी म्हणून हाक मारतो, ज्यांच्याशिवाय एकही वॉर्ड सकाळी सुरू होत नाही, त्यांचं काम आपण कामात मोजतच नाही. जातीचा, बाईपणाचा, शिवाशिवीचा सगळा गाळ त्या एका कामावर साचलेला आहे. इथली दुसऱ्या बँडची पट्टी कितीही तुटपुंजी असली तरी ती छातीवर लावलेली असते, तिच्यावर नाव असतं, आणि तिच्यामागे छापील दर असतो. आपल्याकडच्या मावशीला कंत्राटदार महिन्याला किती देतो हे तिच्या वॉर्डच्या सिस्टरलाही अनेकदा ठाऊक नसतं.

लिव्हरपूललाही सेवेचं मोल एका दिवसात कळलं नव्हतं. विल्यम रॅथबोन या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने 1859 मध्ये मेरी रॉबिन्सन या नर्सला पगारावर ठेवलं आणि गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करायला पाठवलं. घरोघरी जाणाऱ्या नर्सची प्रथा तिथून सुरू झाली. मग त्याच्याच पैशावर 1865 मध्ये ॲग्नेस जोन्स नाइटिंगेलच्या शाळेतल्या बारा नर्सेस घेऊन ब्राउनलो हिलच्या वर्कहाउसच्या रुग्णालयात आली. त्याआधी तिथे आजारी दरिद्री माणसांची सेवा तिथल्याच दरिद्री बायका करत. शिकलेली, पगारी नर्स गरिबाच्या खाटेशी असावी, ही कल्पना तिने तिथे रुजवली आणि 1868 मध्ये टायफसने पस्तिसाव्या वर्षी गेली. त्या जागी आज मोठं कॅथिड्रल आहे. सेवेला शिक्षण लागतं आणि शिक्षणाला पगार लागतो, हे या शहराला दीडशे वर्षांपूर्वी पटलं होतं. म्हणूनच शिकणाऱ्या मुलीचं काम फुकट किंवा निम्म्या मोलात घेणं या शहराला तरी शोभत नाही.

आपल्याकडची बाजूही बोलली पाहिजे, कारण मुली इकडे का येतात याचं उत्तर तिकडेच आहे. नर्सेसच्या संघटनेच्या याचिकेवर 2016 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला महिन्याला किमान 20,000 रुपये मिळावेत, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार मिळावा. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली. केरळमध्ये नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि 2018 मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढायला लावली. आपल्या तालुक्यांच्या गावांत, दहा-वीस खाटांच्या रुग्णालयात रात्री एकटीने वॉर्ड सांभाळणाऱ्या, जीएनएम झालेल्या मुलीला विचारा, तिच्या हातात किती पडतात. 2024 मध्ये बुलढाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याला नर्सेस लागतील, मावश्या लागतील, शिकाऊ मुली लागतील. ती पदं कायम असावीत, दर भिंतीवर लावलेला असावा, हे मागायची वेळ आत्ताच आहे.

इकडे मुलगी पाठवणाऱ्यांसाठी शेवटी थोडं व्यवहाराचं. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि आठवडा सोमवारपासून रविवारपर्यंत मोजतात. साडेअकरा तासांच्या दोन शिफ्टा म्हणजे 23 तास. तिथेच नियम मोडला आणि व्हिसा धोक्यात. अभ्यासक्रमाचं प्लेसमेंट या 20 तासांत धरत नाहीत, पण ते करून उरलेल्या दिवसांत आणखी 20 तास काढणं शरीराला जड जातं. नर्सिंगचं सत्रही इतर विषयांपेक्षा लांब असतं. त्यामुळे "फी पार्ट टाइममधून निघेल" असं जो एजंट सांगतो तो खोटं बोलतो. 2025 च्या दराने 20 तास गुणिले 12.51 म्हणजे आठवड्याला 250 पौंड, त्यातून खोलीचं भाडं, बस आणि जेवण. फी त्यातून निघत नाही. कर्ज काढताना हा आकडा समोर ठेवा.

जाहिरातीतला दर पाहताना सुट्टीचे पैसे त्यातच मिसळलेत का ते विचारायला लावा. 12.51 वर सुट्टीचे 12.07 टक्के चढवले की 14.02 होतात, आणि तो आकडा बँड थ्रीपेक्षा मोठा दिसतो. असतो तो बँड टूच. आणि पहिली शिफ्ट घेण्याआधी मुलीने ईमेलवर दोन ओळी लिहून उत्तर मागावं: मला कोणता बँड, आणि त्या बँडमध्ये ऑब्ज, साखर, ईसीजी धरलेत की नाही. उत्तर जपून ठेवावं.

तिचा फोन आला की महिन्याचे रुपये किती झाले हे विचाराल, विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्यासोबत आज कोणतं काम केलं हेही विचारा, आणि ती "म्हाताऱ्याला आंघोळ घातली" म्हणाली तर तिला मोकळेपणी बोलू द्या.